घटस्फोटाचा हुकूमनामा विवाहनोंदीपर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी २०२५ च्या अखेरीस मुदत वाढवून देण्यात आली, तेव्हा ज्या लाभार्थी महिलांचे पती किंवा वडील हयात नाहीत अथवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत सादर करावी, असे सांगण्यात आले. सूचना महिलांच्या सोयीसाठीच होती, याविषयी मला शंका नाही. तथापि त्यातील ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ हे दोन शब्द वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. जन्माचे प्रमाणपत्र मिळते, मृत्यूचे मिळते, विवाहाचेही मिळते; परंतु हिंदू विवाह कायदा किंवा विशेष विवाह कायदा यांखाली ज्यांचा विवाह संपुष्टात आला, त्यांना घटस्फोटाचे प्रमाणपत्र देणारे कार्यालय महाराष्ट्रात नाही. घटस्फोट झाल्याचा पुरावा एकच असतो, तो म्हणजे ज्या न्यायालयाने विवाह विच्छेदित केला त्याचा हुकूमनामा (डिक्री), आणि तो हुकूमनामा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातून आपण होऊन कोठेही जात नाही.

मी दिवाणी न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. एकूण एकतीस वर्षांच्या नोकरीतील शेवटची नऊ वर्षे नक्कल विभागात गेली. ज्यांना जमिनीच्या दाव्याच्या नकला हव्या असतात त्यांच्यासोबत बहुधा वकिलांचा कारकून असतो, त्यांना कोणता अर्ज करायचा हे ठाऊक असते. घटस्फोटाची नक्कल मागायला येणाऱ्या बाया मात्र बहुतेक वेळा एकट्या येतात किंवा भावाला घेऊन येतात, आणि त्यांच्या हातात कागदाचा चिटोराही नसतो.

त्यांपैकी एकीची हकीकत सांगते. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून न्यायालयाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. बाई शेतमजुरी करणाऱ्या. तहसील कार्यालयात त्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज केला होता आणि घटस्फोटाचा कागद आणा, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रकरणाचा क्रमांक त्यांना माहीत नव्हता, निकालाची तारीख माहीत नव्हती. ‘‘पोरगी बालवाडीत होती तवा कोर्टात जात होते,’’ एवढीच खूण त्यांनी सांगितली, आणि ती पोरगी आता आठवीत होती. सुरुवातीच्या दोन-तीन तारखांना त्या हजर राहिल्या होत्या, पुढे एस.टी.च्या भाड्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे गणित जमेना, म्हणून त्यांनी येणे सोडले. त्यांचे वकील वारले होते. आम्ही नोंदवहीत शोध सुरू केला. बाई माहेरचे नाव सांगत होत्या आणि प्रकरणात नाव सासरचे होते. शिवाय नोंदवहीतील शोध अर्जदाराच्या नावाने लवकर लागतो, आणि अर्जदार होता नवरा. बाई जाबदेणार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज झाला तो पक्षकार, होत्या. त्यात भर म्हणजे घटस्फोटाचे अर्ज जेथे चालतात ते वरिष्ठ स्तर न्यायालय त्यांच्या तालुक्याला आधी नव्हते. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल झाला होता आणि नंतर तो वर्ग होऊन त्याला नवा क्रमांक पडला होता. तिसऱ्या खेपेला प्रकरण सापडले. निकाल सहा वर्षांपूर्वी, त्यांच्या गैरहजेरीत झालेला होता. आपला घटस्फोट नक्की कोणत्या दिवशी झाला, हे त्या बाईंना त्या दिवशी नक्कल खिडकीवर कळले. त्या तीन खेपांसाठी त्यांचे तीन दिवसांचे काम बुडाले होते. ते दुःख मी निवृत्तीनंतरही विसरू शकलेले नाही, कारण कायद्याने ती प्रत त्यांना सहा वर्षांपूर्वीच, तीही विनामूल्य, मिळायला हवी होती.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३ चे पोटकलम (४) हे १९७६ च्या दुरुस्तीने आलेले आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह विच्छेदित झाला असेल, तर तो हुकूमनामा करणाऱ्या न्यायालयाने त्याची प्रत प्रत्येक पक्षकाराला विनामूल्य द्यावी, असे ते सांगते. विशेष विवाह कायद्यातही अशीच तरतूद आहे. कायद्याचा शब्द ‘प्रत्येक पक्षकार’ असा आहे. ‘हजर असलेला पक्षकार’ असा नाही, ‘अर्ज करणारा पक्षकार’ असाही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ६-अ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हुकूमनामा तयार व्हावा, अशीही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काय होते? निकालाच्या दिवशी हुकूमनामा तयार नसतो. पक्षकार घरी जातो. वकील ‘आठ-पंधरा दिवसांनी या’ म्हणतात. ज्याला लगेच दुसरे लग्न करायचे असते किंवा परदेशी जायचे असते, तो येतो आणि शुल्क भरून प्रमाणित प्रत घेऊन जातो. बाकीच्यांच्या विनामूल्य प्रती कधी प्रकरणाच्या फायलीतच राहतात, कधी तयारच होत नाहीत. मी स्वतः त्या यंत्रणेचा भाग होते आणि कामाच्या रेट्यात आम्हीही त्या प्रती आपण होऊन टपालाने पाठवल्या नाहीत, ही गोष्ट मला येथे नोंदवलीच पाहिजे. समन्स पाठवताना जाबदेणाराचा पत्ता न्यायालयाकडे असतो. त्याच पत्त्यावर, नोंदणीकृत टपालाने, हुकूमनाम्याची प्रत पाठवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी आज घटस्फोटाचा अर्ज करण्याच्या विचारात असेल, तर नक्कल मिळण्याची सोय अर्ज दाखल करण्याच्या दिवसापासूनच लागते, हे मी अनुभवाने सांगू शकते. अर्ज कोठे करता येतो ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये दिले आहे: जेथे विवाह झाला, जेथे जाबदेणार राहतो, जेथे पतिपत्नी शेवटचे एकत्र राहिले, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर, पत्नी अर्जदार असेल तर ती जेथे राहते तेथेही. कौटुंबिक न्यायालय असलेल्या ठिकाणी अर्ज तेथे जातो, अन्यत्र तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातो. लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी अर्ज करता येत नाही. अर्जदाराच्या अपवादात्मक हालअपेष्टा किंवा जाबदेणाराचे अपवादात्मक दुर्वर्तन असेल तरच न्यायालय तशी परवानगी देते. परस्परसंमतीच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. त्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. खर्चाविषयीचा गैरसमज फार मोठा आहे. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांविषयीच्या प्रकरणांत महिला पक्षकारांना न्यायालयीन शुल्क माफ करणारी राज्य शासनाची अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ पासून आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो, आणि त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयातच असलेल्या विधी सेवा समितीकडे करता येतो.

अर्ज दाखल झाल्यावर एक गोष्ट कटाक्षाने करावी. नोंदणी क्रमांक, वर्ष, न्यायालयाचे पूर्ण नाव आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संगणक प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक शिधापत्रिकेच्या किंवा बँकेच्या पासबुकाच्या मागे लिहून ठेवावा. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात क्रमांकापूर्वी अक्षर असते, वादग्रस्त घटस्फोटाला ‘ए’ आणि परस्परसंमतीला ‘एफ’. नुसता आकडा सांगितला तर त्या आकड्याची निरनिराळ्या प्रकारची प्रकरणे निघतात, म्हणून ते अक्षरही लिहावे. प्रकरण दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाले तर नवा क्रमांक लगेच विचारून घ्यावा. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला आदेश वाचण्यापुरता उपयोगी असतो, त्यावर न्यायालयाचा शिक्का आणि सही नसते. वैवाहिक प्रकरणांचे आदेश तर गोपनीयतेपोटी पुष्कळदा तेथे दिसतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. तेथे आपण अर्जदार की जाबदेणार हे लिहावे, ओळखपत्र न्यावे, आणि प्रकरण अभिलेख कक्षात गेले असेल तर थोडे दिवस अधिक लागतात हे धरून चालावे.

नक्कल मागताना नेमके काय मागावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे होणारी चूक माणसाला आयुष्यभर बोचते. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. हुकूमनामा बहुधा एक-दोन पानांचा असतो: पक्षकारांची नावे, प्रकरण क्रमांक, अमुक तारखेला झालेला विवाह अमुक तारखेच्या हुकूमनाम्याने विच्छेदित झाला, आणि पोटगी किंवा मुलांचा ताबा याविषयीचा आदेश. निकालपत्रात मात्र सारे काही असते. कोणी कोणावर काय आरोप केले, उलटतपासणीत काय विचारले गेले, शयनगृहातील गोष्टी, आजारपण, व्यसन, मारहाण, संशय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी प्रकरणे बंद दालनात चालतात आणि त्यांतील मजकूर छापण्यावर बंदी आहे, ती याचसाठी. असे असताना गृहनिर्माण संस्था, बँका, वधूवर सूचक मंडळे, एवढेच काय, शाळासुद्धा ‘कोर्टाचा निकाल जोडा’ म्हणतात आणि गरजू बाई पंचवीस पानांचे निकालपत्र झेरॉक्सच्या दुकानात नेऊन देते. ज्या आरोपांनी तिला न्यायालयात रडवले, ते सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावर पोहोचतात. पाच वर्षांनी मुलगा मोठा होऊन तेच कागद कपाटात वाचतो. माझी सर्व संस्थांना कळकळीची विनंती आहे की, त्यांनी फक्त हुकूमनामा मागावा, आणि पक्षकारांनीही निकालपत्र कोणाला देऊ नये. अपील करायचे असेल तेव्हा निकालपत्र लागते. अन्य बहुतेक कामे हुकूमनाम्यावर होतात.

शासकीय सूचनांमधील ‘सत्यप्रत’ हा शब्दही असाच घोळ घालतो. गावाकडे सत्यप्रत म्हणजे शिक्का मारून आणलेली झेरॉक्स, असा अर्थ रुळला आहे. न्यायालयाची प्रमाणित प्रत ही निराळी गोष्ट आहे. ती न्यायालयाचा अधिकारी मूळ कागदाशी ताडून देतो, आणि पुराव्याच्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात, तिला मूळ कागदाच्या जागी मान्यता आहे. कोणता कागद हवा ते सूचनेत नेमक्या शब्दांत लिहिले, तर हे कागद घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेला प्रत्येक बाईला निरनिराळे उत्तर द्यावे लागणार नाही.

आता ज्यांच्याकडे हुकूमनामा असूच शकत नाही, अशा स्त्रियांविषयी. दोन्हीकडचे पाच-पाच लोक बसतात, मुद्रांकावर ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत’ असे लिहितात, नोटरीचा शिक्का घेतात आणि सर्वांना वाटते की काडीमोड झाली. ज्या समाजात फारकतीची रूढी पूर्वापार आहे आणि ती सिद्ध करता येते, तेथे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने तिला जागा ठेवली आहे; अन्यथा त्या मुद्रांकाला घटस्फोट म्हणून काडीची किंमत नाही. नोटरींना विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार नाही, हे केंद्रीय विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. तरीही असे कागद घेऊन बाया खिडकीवर येत आणि ‘याची नक्कल काढून द्या’ म्हणत. त्यांतील काहींनी दुसरे लग्न केलेले असे. तुमचे पहिले लग्न कायद्याने अजून उभे आहे आणि दुसरे कायद्याच्या नजरेत लग्नच नाही, हे सांगणे माझ्या अधिकारात बसत नव्हते, आणि न सांगणे मनाला पटत नव्हते. मी त्यांना विधी सेवा समितीच्या खोलीकडे पाठवीत असे.

या सगळ्याचे मूळ मला एका गोष्टीत दिसते. आपण विवाहाची नोंद ठेवतो, तो विवाह मोडल्याची नोंद त्या नोंदीपर्यंत जाऊ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्वांसाठी विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्याआधीच १९९८ चा विवाहनोंदणीचा कायदा झाला होता, आणि खेड्यांत ते काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहे. न्यायालय विवाह विच्छेदित करते, परंतु विवाह नोंदवणाऱ्या निबंधकाच्या नोंदवहीत तो विवाह जसाच्या तसा राहतो. उद्या त्या विवाहाचे प्रमाणपत्र पुन्हा मागितले, तर तो जणू आजही अस्तित्वात आहे असेच त्यावरून दिसेल. दुसऱ्या विवाहाच्या वेळी वर घटस्फोटित आहे की विवाहित, हे वधूच्या बापाने कोठे पाहावे? ज्या न्यायालयाचे नावच माहीत नाही त्याच्या अभिलेख कक्षात?

यावर उपाय नवा शोधून काढावा लागत नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ चे कलम १० पाहावे. न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा केला की त्याची प्रत आपल्या अधिकारक्षेत्रातील विवाह निबंधकाकडे नोंदणीसाठी पाठवायची आणि निबंधकाने ती स्वतंत्र नोंदवहीत घ्यायची, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मुंबईत एका छोट्या समाजासाठी ही तरतूद जवळजवळ नव्वद वर्षे अस्तित्वात आहे, आणि शेजारच्या इमारतीतील हिंदू किंवा नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्या कुटुंबासाठी ती नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाह नागरी नोंदणी कार्यालयात नोंदला जातो आणि घटस्फोट झाल्यास त्याच विवाहनोंदीच्या समासात हुकूमनाम्याची नोंद घेण्याची रीत आहे. सावंतवाडीची मुलगी म्हापशात दिली आणि पुढे विवाह मोडला, तर तिची नोंद पुरी होते. म्हापशाची मुलगी सावंतवाडीत आली, तर ती अर्धीच राहते. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंदणी साठ दिवसांत करण्याचा नियम केला आहे. त्या कायद्यातील इतर तरतुदींविषयी मला येथे काही म्हणायचे नाही, आणि नोंदणीचे हे ओझे पक्षकारावर टाकणे मला मान्यही नाही. ते न्यायालयाच्या कार्यालयाने उचलावे, जसे १९३६ च्या कायद्यात सांगितले आहे.

महाराष्ट्रात हे करणे अवघड नाही, असे मी एकतीस वर्षे टपालवही हाताळल्यानंतर म्हणते. घटस्फोटाच्या अर्जासोबत विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र असेल तर त्यावर निबंधकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतोच. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अपिलासाठी २००३ पासून नव्वद दिवस मिळतात, आणि कलम १५ प्रमाणे ती मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुनर्विवाहही करता येत नाही. ती मुदत अपिलाविना गेली की न्यायालयाने निबंधकाला एक पानाचे पत्र पाठवावे: न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, हुकूमनाम्याची तारीख. कारणे नकोत, आरोप नकोत, पोटगीची रक्कमही नको. निबंधकाने विवाहनोंदीसमोर ती एक ओळ लिहावी आणि पक्षकाराने मागितल्यास तिचा उतारा द्यावा. हा उतारा फक्त पक्षकाराला आणि कायदेशीर कारण दाखवणाऱ्याला मिळावा, असे बंधन घातले, तर गोपनीयतेला धक्का लागत नाही. उलट निकालपत्राच्या झेरॉक्स गावभर फिरणे थांबेल. विवाह नोंदलेलाच नसेल तर पारशी कायद्याप्रमाणे वेगळी नोंदवही ठेवता येईल. असा उतारा मिळू लागला की शासनाच्या सूचनेतील ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ या शब्दांना प्रथमच काही अर्थ येईल.

तोवर दोन गोष्टी उद्यापासून होण्यासारख्या आहेत. महिला व बालविकास विभागाने आपल्या सूचनेत ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ ऐवजी ‘घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाने दिलेली प्रमाणित प्रत’ असे लिहावे, आणि ज्या बाईने नक्कलेसाठी अर्ज केला आहे तिची अर्जाची पावती तात्पुरती ग्राह्य धरून तिचा हप्ता थांबवू नये. तसेच तालुका विधी सेवा समितीने आपल्या विधी स्वयंसेवकांपैकी एकाला आठवड्यातून एक दिवस नक्कल खिडकीशेजारी बसवावे. नवऱ्याचे पूर्ण नाव, लग्नाचे साल आणि मूल तेव्हा कितवीत होते एवढ्या माहितीवरून प्रकरण कसे शोधायचे, हे शिकवायला मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी विनावेतन तयार आहोत.

या पत्राची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना आणि एक प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना आजच्या टपालाने पाठवीत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त सहायक अधीक्षक, दिवाणी न्यायालय